दोन खुणांमधली तार

तार दिसली की आधी तिचे दोन्हीकडचे खांब शोधायची मला खोड आहे. घरातली पोरं हसतात. मान वर करून चालणारी बाई म्हणून गावातही माझी थोडीफार थट्टा होते. होऊ दे. माझ्या भावाला विमानातून तारेवर येताना ज्यांनी पाहिलं नाही, त्यांनी खुशाल हसावं.

एकोणीसशे तीस साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. आमचं गाव रत्नागिरीच्या दक्षिणेला, पूर्णगडाच्या अलीकडे, एका लहानशा खाडीच्या तोंडाशी. उत्तरेच्या काठाला आमची घरं, दक्षिणेच्या काठाला माडांची दाट राई आणि राईपलीकडे समुद्राला लागून लांबच लांब पुळण. ओहोटीला ती वाळू इतकी रुंद आणि कडक होई की तिच्यावरून बैलगाडी धावत गेली तरी चाक रुतत नसे. माझे वडील मचव्याचे तांडेल. निम्मा गाव त्यांच्या शब्दावर होडी लोटायचा आणि उरलेला निम्मा त्यांच्या शब्दावर चडफडत बसायचा. माझा नवरा लग्नानंतर वर्षाच्या आत तापानं गेला. मी माहेरी परत आले, सातवी पास झाले आणि गावच्या शाळेत मुलींना शिकवू लागले. तांडेलाची लेक मास्तरीण झाली याचं लोकांना फार नवल वाटे. बाबांना वाटत नसे. त्यांनी आपलं सगळं नवल आणि सगळा राग माझ्या दादासाठी राखून ठेवला होता.

दादा त्यांचा एकुलता एक मुलगा. मिसरूड फुटतंय तोवर मचवा सोडून मुंबईला गेला, आधी मोटारींच्या आणि मग विमानांच्या इंजिनांत हात काळे करू लागला. बाबांचं म्हणणं एकच, "खाडी विसरला तो." दादा सुट्टीला आला की बापलेक एकमेकांशी आईमार्फत बोलत. दोघंही एकाच ओटीवर बसलेले असत, मध्ये दोन हातांचं अंतर, आणि बाबा आत ओरडून विचारत, "त्याला विचार, आमटी घेतो काय आनखी?" आई बिचारी पळी घेऊन दोघांच्या मध्ये उभी राही.

आता खाडीतल्या खुणांविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरच आहे. आमच्याकडे जाळं लावायला पाण्यात दोन खुंट रोवतात. भरतीला खुंटांची फक्त टोकं वर राहतात, जाळं मुळीच दिसत नाही. म्हणून दोन्ही टोकांना माडाच्या हिरव्या झावळीचा जुडगा बांधायचा. दोन जुडगे दिसले की मध्ये जाळं आहे, वळसा घालून जा. ही गोष्ट पोरांना अ आ ई च्या आधी येते. दुसऱ्याचं जाळं फाडणं म्हणजे त्याच्या घरात शिरून चूल फोडण्यासारखं. दादा सात-आठ वर्षांचा असताना त्यानं एकदा गमतीत होडी अशा दोन जुडग्यांच्या मधून घातली आणि शेजाऱ्याचं जाळं उभं फाडलं. बाबांनी साऱ्या गावासमोर त्याच्या थोबाडीत दिली. मी धक्क्यावर उभी होते. त्या आवाजानं मीच रडायला लागले, तो रडला नाही.

तर त्या वर्षी थंडीत शेजारचा गिरणीवाला बोटीनं मुंबईहून आला आणि दादाचा निरोप घेऊन थेट आमच्या अंगणात उभा राहिला. मुंबईचा कोणी श्रीमंत तरुण आपलं स्वतःचं दोन माणसांचं विमान घेऊन गोव्याकडे निघाला होता. वाटेत इंजिन बिघडलं तर हाताशी असावा म्हणून दादाला बरोबर नेत होता. दादानं त्याला आमच्या पुळणीचं कौतुक सांगून तिथे उतरायला राजी केलं होतं. पौर्णिमेनंतरच्या चतुर्थीला, ऊन वर आल्यावर, सुकती, म्हणजे ओहोटी, पुरती लागली की. म्हणजे तिसऱ्या दिवशी. आणि आईसाठी खास निरोप होता. गिरणीवाल्यानं तो दादाच्या आवाजात म्हणून दाखवला, "आयेला सांग, घरात बसू नको. खाडीकडे तोंड करून बस. मी समुद्राकडनं खाडीत शिरून तुज्या समोरनं जानार. इतका खालनं की तुला माजं तोंड दिसंल."

आईला हसू आणि रडू एकदम आलं. बाबा जाळं विणत बसले होते. त्यांचे हात थांबले. त्यांनी मान वर करून खाडीच्या तोंडाकडे पाहिलं.

"तार," ते म्हणाले.

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. मागच्या पावसाळ्याआधी सरकारनं खाडीच्या तोंडावरून तारायंत्राची तार नेली होती. दोन्ही काठांना दोन उंच लोखंडी खांब, आणि त्यांच्या मधून मचव्यांच्या डोलकाठ्यांच्याही वर टांगलेली ती बारीक तार. ऊन विशिष्ट बाजूनं पडलं तरच दिसायची, नाहीतर तिच्यावर बसलेली घार हवेतच बसली आहे असं वाटायचं. दादा त्याच्या आधी येऊन गेला होता. त्याच्या डोळ्यांतली खाडी वरून मोकळीच होती, आणि त्या भरवशावर तो एका परक्या माणसाला तिच्यात घेऊन येणार होता.

दुसऱ्या दिवशी मी आणि बाबा रत्नागिरीला गेलो. तारमास्तर सज्जन माणूस. आमचं सगळं ऐकून त्यांचाच चेहरा उतरला. तार उतरवायची तर वरून हुकूम यायला हवा, त्याला किती दिवस लागतील ते सांगता येत नाही, आणि कोणी हात लावला तर तुरुंग. पण दादाला तार त्यांनी आमच्यासमोर लगेच केली. "खाडीवर तार आहे, खाडीत शिरू नका." यंत्राची टकटक ऐकताना मला चीड आली. ज्या तारेपायी जीव टांगणीला लागला होता, तिच्याच जातीच्या तारेला आता हात जोडायचे होते.

"पोचंल ना?" बाबांनी विचारलं.

"मुंबईपर्यंत पोचेल. त्याच्या हातात कधी पडेल, ते मी कसं सांगू?" तारमास्तर म्हणाले.

उत्तर आलं नाही. त्या दिवशी नाही आणि दुसऱ्या दिवशीही नाही. आई दर थोड्या वेळानं पोस्टाच्या वाटेकडे बघून यायची आणि मी तिच्यावर विनाकारण खेकसायची. मला भीती वाटली की राग येतो, ही माझी जुनी खोड. बाबा मात्र शांत झाले होते. चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी दोन खलाशी बरोबर घेतले, माडाच्या ताज्या झावळ्या तोडल्या आणि माडावर चढावं तसं पायात दोरीचा फास घालून खलाशांना दोन्ही खांबांवर चढवलं. तारेला हात लावायचा नव्हता, पण खांबाला पालवी बांधू नका असं काही कोणी म्हटलेलं नव्हतं. अंधार पडेपर्यंत दोन्ही खांबांच्या शेंड्यांना माणूसभर उंचीचे हिरवेगार जुडगे बांधून झाले. खालून बघणाऱ्या सगळ्या गावाला बरं वाटलं. दोन खुणा झाल्या, आता मधून कोण जाणार?

मलाही बरं वाटलं. त्या रात्री मला झोपसुद्धा लागली.

सकाळी आईचा संकष्टीचा उपास. तोंडात पाण्याचा थेंब न घेता ती अंगणाच्या कडेला खाडीकडे तोंड करून बसली. काठावर ही गर्दी. पोरं, म्हातारे, डोईवरची पाटी खाली ठेवून थांबलेल्या बायका. बाबा एकटेच लहान होडी घेऊन खाडीच्या मध्यावर, बरोबर तारेखाली जाऊन थांबले. जाळं लावलं की त्याचा धनी असा जवळ थांबतो आणि चुकून कोणी मधून आलाच तर वल्हं हलवून त्याला बाजूला घालवतो. बाबांनी वल्ह्याच्या टोकाला आईचं लाल लुगडं बांधून घेतलं होतं.

मी धक्क्यावर उभी होते. पाणी ओसरत होतं, खाडी आरशासारखी निवांत होती. दोन काठांवर दोन उंच खांब, त्यांच्या माथ्यावर हिरवीगार झावळ, मध्ये लाल कापड. बघता बघता माझ्या मनात आलं की किती छान दिसतंय. अगदी आमच्या शाळेत तपासणीचे साहेब येतात तेव्हा फाटकाशी आम्ही दोन केळीचे खांब उभे करून त्यांना पानंफुलं बांधतो, तसं. साहेब त्या दोन खांबांच्या मधूनच आत येतात. बाजूनं आलेला साहेब मी अजून पाहिलेला नाही.

आणि मी धक्क्याच्या टोकाकडे धावले.

"बाबा!" मी जीव तोडून ओरडले. "बाबा, ती खूण नाय, ती कमान झाली! तो मधनंच येनार!"

बाबांनी मान वळवली. पाण्यावरून त्यांचा आवाज स्वच्छ आला. "दोन खुनांच्या मधनं कोन जात नाय गो बाय. ह्या खाडीचं पानी प्यालेला मानूस तर नायच नाय."

"चालवनारा ह्या खाडीचा नाय हो!"

आपल्या बापाच्या चेहऱ्यावर भीती दिसणं ही गोष्ट कोणाच्याही वाट्याला येऊ नये. त्यांनी वर पाहिलं, एका खांबाकडे, मग दुसऱ्याकडे. मग त्यांनी काठावरच्या खलाशाला हाक मारली, "चढ रे! सोड ती झावळ, खाली टाक!" खलाशानं फास पायात घातला आणि तो सरसर चढू लागला. तो अर्ध्यावर असेल नसेल, तेवढ्यात समुद्राकडून आवाज आला.

आधी भुंग्यासारखा. मग मोठा. विमान समुद्रावरच्या धुरकट हवेतून आलं, त्यामुळे पहिल्यांदा पाहिलं ते कोणी हे सांगता येणार नाही. दोन-दोन पंखांचं, पिवळसर, आणि इतकं खाली की त्याची सावली लाटांवरून बरोबर पळत होती. दोन उघड्या खळग्यांत दोन डोकी. पुढे बसलेला दादा, मागे चालवणारा. गावानं जो जल्लोष केला तो मी आजही विसरलेले नाही. बायका पदर उडवत होत्या, पोरं उड्या मारत होती. "नाय! नाय!" मी ओरडत होते आणि माझेही दोन्ही हात वर होते. वरून बघणाऱ्याला त्या सगळ्या हातांत माझे हात वेगळे कसे दिसणार? बाबा होडीत उभे राहून लाल लुगडं जिवाच्या आकांतानं हलवत होते. तेही स्वागतच दिसलं असणार.

विमान डगमगलं, जरा सरळ झालं आणि त्यानं आपलं नाक नेमकं दोन खांबांच्या मध्ये धरलं. अगदी मध्ये, साहेब येतो तसं. खलाशानं खांबाला मिठी मारून डोळे मिटले. मी मिटले नाहीत. मिटायला हवे होते असं पुढे कितीदा तरी वाटलं.

मग ते एकाएकी उभंच राहिलं. दुसरा शब्द मला सुचत नाही. पुढे येता येता त्याचं तोंड आकाशाकडे झालं, पोट आम्हाला दिसलं, चाकं दिसली. शेपटीखालचा दांडा तारेला घासला तेव्हा एकतारीची तार कोणी खुंटीपासून तोडावी तसा झणकार झाला. दोन्ही खांब थरथरले. एका खांबावरची झावळ सुटून बाबांच्या होडीत पडली. विमान तारेवरून गेलं, वर गेलं, आणि वरच थबकल्यासारखं झालं. इंजिनानं उचकी दिली. एक पंख खाली झुकला आणि ते तिरकं तिरकं होत दक्षिणेच्या राईमागे दिसेनासं झालं.

आणि आवाज थांबला.

सगळा गाव थांबला. अंगणातून आईचा आवाज आला, "काय झालं? गो, काय झालं?" तिला तोंड दिसेल असं दादानं सांगितलं होतं, तिला फक्त पोट दिसलं होतं. बाबांनी होडी धक्क्याला लावली, मी उडी टाकली. आम्ही दोघांनी मिळून वल्ही मारली. खाडी ओलांडायला एरवी जो वेळ लागतो तेवढाच लागला असेल, पण मी त्यात नवऱ्याला एकदा आणि दादाला अनेकदा अग्नी देऊन बसले. बाबा तोंडानं काही पुटपुटत होते. मला वाटलं देवाचं नाव घेताहेत. वाकून ऐकलं तर ते म्हणत होते, "मी बांधली. मी बांधली ती झावळ."

राईतून धावताना पायात काय काय मोडलं त्याचं भान नव्हतं. माड संपले आणि पुळण दिसली. पुळणीच्या मधोमध, जरा एका अंगावर कललेलं, ते पिवळसर विमान उभं होतं. एक चाक वाकलं होतं. दोन माणसं त्याच्याजवळ उभी होती. दोन. मी मोजली आणि पुन्हा मोजली.

चालवणारा तरुण वाळूवर इकडून तिकडे येरझारा घालत होता. रागावला होता. त्याची मराठी मुंबईची, मोडकीतोडकी, पण त्याचं म्हणणं मला कळलं. खांब त्याला लांबून दिसले होते. तार वरून दिसत नाही, तार कधीच दिसत नाही, म्हणून तो खांब बघतो, आणि खांबावर तार बांधायच्या चिनी मातीच्या पांढऱ्या वाट्या दिसल्या की समजतो की मध्ये तार आहे. इथे वाट्या दिसल्या नाहीत. दिसली ती हिरवळ आणि लाल निशाण. त्यानं बोलायच्या नळीतून दादाला हसत सांगितलंही, गावानं तुझ्यासाठी कमान उभारली आहे, चल, तुला कमानीखालून नेतो. आमच्या जुडग्यांनी त्या वाट्याच नेमक्या झाकल्या होत्या. बाबांनी हे ऐकलं आणि त्यांची मान खाली गेली.

"मग हा," तरुण दादाकडे बोट दाखवून म्हणाला, "हा वेडा झाला! पुढचा चालवायचा दांडा ओढला याने! माझ्या हातातनं विमान घेतलं! विचारलं नाही, काही नाही!" आणि मग त्याच दमात त्यानं दादाच्या गळ्यात हात टाकला आणि तो हमसून रडायला लागला.

दादाच्या कपाळाला खोक पडली होती, रक्त भुवईवर आलं होतं. तो आमच्याकडे बघत होता, म्हणजे बाबांकडे. आमच्या तारेचा कागद मुंबईत त्याच्या खोलीच्या कडीला अडकवलेला राहिला होता, हे आम्हाला पुढे कळलं. तो दोन दिवस मैदानावरच झोपला होता. त्याला खाडीवरच्या तारेचं काहीच ठाऊक नव्हतं, आणि विमान तिच्यावरून गेलं तरी त्याला ती दिसली नव्हती. त्यानं पाहिले होते ते फक्त दोन जुडगे.

तो दोन पावलं पुढे आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, मध्ये आई नसताना, तो थेट बाबांशी बोलला.

"बाबा," तो म्हणाला, "एवढा वर जाळं कोनी लावलं हो?"

बाबांनी हात उचलला आणि दादाच्या गालावर ठेवला. गाल लहानपणच्या त्या थोबाडीचाच की दुसरा, ते मला आठवत नाही.

"सरकारनं," ते म्हणाले, आणि मटकन वाळूत बसले.